घटना एक, वायरलेस तीन: पोलीस, बंब आणि ॲम्ब्युलन्स एकमेकांशी का बोलू शकत नाहीत?

घाटात एसटी दरीत गेली, पुराने वाडीला वेढा घातला किंवा जिनिंगला आग लागली, तर मदतीला एकच खाते येत नाही. पोलीस येतात, नगरपालिकेचा बंब येतो, १०८ ची ॲम्ब्युलन्स येते, तहसीलची माणसे येतात. घटना हद्दीवरची असेल तर शेजारच्या तालुक्याच्या गाड्याही येतात.

बघणाऱ्याला वाटते, हे सगळे वायरलेसवर एकमेकांशी बोलत असतील. बहुतेक वेळा तसे नसते. पोलिसांचा वायरलेस पोलिसांपुरता आणि बंबाचा असलाच तर बंबापुरता. मधली जोडणी होते ती कुणाच्या तरी खिशातल्या मोबाईलवर. पुरात टॉवरची लाईट गेली किंवा घाटात रेंज नसली, की ती जोडणीही तुटते.

ऐकू का येत नाही?

पहिले कारण फ्रिक्वेन्सी. रेडिओवर एक स्टेशन लावले की दुसरे ऐकू येत नाही, तसेच हे. केंद्र सरकारचा वायरलेस विभाग प्रत्येक खात्याला वेगळी फ्रिक्वेन्सी देतो. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कामात घुसू नये म्हणून हे गरजेचेही आहे. पण दोघांना एकत्र काम करायची वेळ आली की तीच भिंत आड येते.

दुसरे कारण यंत्र. जुने सेट ॲनालॉग, नवे डिजिटल. डिजिटलमध्येही वेगवेगळ्या पद्धती आहेत. शिवाय चोरून ऐकता येऊ नये म्हणून पोलिसांचे बोलणे काही ठिकाणी कुलूपबंद केलेले असते. अशा वेळी फ्रिक्वेन्सी जुळली तरी समोरच्याला नुसती खरखर ऐकू येते.

तिसरे कारण डोंगर. वॉकीटॉकीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये कडा आला की आवाज अडतो. म्हणून उंचावर रिपीटर बसवतात. तो आवाज पकडून पुढे फेकतो. आपल्या जिल्ह्याचा रिपीटर आपल्या हद्दीचा विचार करून बसवलेला असतो, त्यामुळे डोंगरापलीकडे गेलेली गाडी मुकी होते.

चौथे कारण बोली. प्रत्येक खात्याचे सांकेतिक शब्द वेगळे. एकाचा कोड दुसऱ्याला कळत नाही, किंवा भलताच कळतो.

कॅलिफोर्निया, १९७०

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९७० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोठे वणवे लागले. १३ दिवसांत १६ जण गेले आणि ७०० हून जास्त घरे-इमारती जळाल्या. गावोगावचे बंब मदतीला धावले होते. माणसे आणि गाड्या होत्या, पण सगळ्यांना चालेल अशी फ्रिक्वेन्सी नव्हती. एकाच वस्तूला प्रत्येकाचा शब्द वेगळा होता आणि हुकूम कुणाचा चालणार हेही ठरलेले नव्हते.

त्यातून तिथल्या खात्यांनी एक पद्धत बसवली. घटनेवर प्रमुख एक, शब्द सगळ्यांना कळतील असे आणि संपर्काचा आराखडा आधीच कागदावर.

न्यूयॉर्क, २००१

११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या दोन उंच इमारतींवर विमाने आदळली. दक्षिणेकडची इमारत सकाळी ९ वाजून ५९ मिनिटांनी कोसळली. त्यानंतर पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिसत होते की दुसरीही टिकणार नाही. हा इशारा पोलिसांच्या वायरलेसवर गेला. अग्निशमनचा वायरलेस वेगळा होता, त्यांच्यापर्यंत तो थेट पोहोचला नाही.

अग्निशमनच्या अधिकाऱ्यांनीही आपल्या जवानांना बाहेर पडायचा हुकूम दिला होता. पण इमारतीत वॉकीटॉकी नीट चालत नव्हते आणि एकाच चॅनेलवर बोलणारे फार होते. अनेकांना तो ऐकूच गेला नाही. १० वाजून २८ मिनिटांनी दुसरी इमारत कोसळली. त्या दिवशी दोन्ही इमारतींत मिळून अग्निशमनचे ३४३ जवान गेले.

त्याच दिवशी वॉशिंग्टनजवळ पेंटागॉन या लष्करी मुख्यालयावरही विमान आदळले. तिथेही वायरलेसच्या अडचणी आल्या. तरी काम बरेच सुरळीत झाले, कारण शेजारच्या खात्यांची आधीपासून ओळख होती आणि एक प्रमुख ठेवायची पद्धत अंगवळणी पडली होती. चौकशी आयोगाने ही गोष्ट आवर्जून नोंदवली.

आपल्याकडे काय व्यवस्था आहे?

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. कॅलिफोर्नियात तयार झालेली तीच पद्धत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये आपल्या देशासाठी मार्गदर्शक सूचना म्हणून आणली. त्यात जिल्हाधिकाऱ्यांखाली पथकाची रचना दिली आहे. प्रांत आणि तालुका पातळीवरही पथक सांगितले आहे. संपर्काचे काम बघायला त्यात वेगळा विभाग आहे.

म्हणजे कागदावर रस्ता आहे. प्रत्यक्षात तो किती चालतो हे सरावावर ठरते.

उपाय महागडेच असतात असे नाही

• सगळ्या खात्यांच्या सेटमध्ये एक सामाईक चॅनेल आधीच भरून ठेवणे. जिथे परवानगी लागते तिथे ती पावसाळ्याआधी घेणे.
• दोन वेगळ्या वायरलेसना जोडणारे गेटवे यंत्र जिल्ह्याच्या कक्षात ठेवणे.
• यातले काहीच नसेल तर आपला एक सेट दुसऱ्या खात्याच्या माणसाच्या हातात देणे, किंवा आपला माणूस त्यांच्याजवळ उभा करणे. याला खर्च जवळपास नाही.
• कोड सोडून साध्या भाषेत बोलणे. अमेरिकेत अनेक खाती एकत्र येतात तेव्हा साधी भाषा वापरावी, असा आग्रह २००६ पासून केंद्र सरकारनेच धरला आहे.
• वर्षातून एकदा तरी हद्दीवरच्या दोन्ही तालुक्यांनी एकत्र रंगीत तालीम करणे.

मोबाईल आणि लँडलाईन दोन्ही बंद पडले, तर परवानाधारक हॅम रेडिओवाले उपयोगी पडतात. जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात त्यांनी निरोप पोहोचवले होते.

गावकऱ्यांनी काय करावे?

खात्यांचे वायरलेस जुळतील तेव्हा जुळतील. तोपर्यंत फोन करणाऱ्याने दिलेली माहिती सगळ्यांना सारखीच मिळाली, तर निम्मा गोंधळ कमी होतो.

११२ ला फोन लागला की आधी गाव, तालुका आणि जिल्हा, तिन्ही सांगा. एकाच नावाची गावे भरपूर आहेत. रस्त्यावर असाल तर किलोमीटरचा दगड, पूल किंवा मंदिर सांगा. हद्दीजवळ असाल तर तेही सांगा, कारण मोबाईलने पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडला तर कॉल तिकडच्या कक्षात जाऊ शकतो.

जखमी किती, आग आहे का, कुणी अडकले आहे का, हे सांगा. पोलीस, बंब, ॲम्ब्युलन्स यांतले काय काय लागेल ते एकाच फोनवर मागा. पूर, दरड अशा वेळी जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हाही क्रमांक आहे. मोबाईलवरून लागला नाही तर आधी जिल्ह्याचा एसटीडी कोड लावून बघा. फोन केल्यावर बॅटरी वाचवा आणि तोच नंबर चालू ठेवा. गाडी वाट चुकली तर त्याच नंबरवर विचारणा होते.

पोलीस पाटील, सरपंच आणि ग्रामसेवकांकडे शेजारच्या तालुक्याचे पोलीस ठाणे, अग्निशमन आणि ग्रामीण रुग्णालयाचे नंबर कागदावर लिहिलेले असावेत. ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारावा: रेंज गेली तर आपल्या गावाचा निरोप तहसीलपर्यंत कोण आणि कसा नेणार? त्याचे उत्तर पावसाळ्याआधी मिळाले पाहिजे.