घोरणं, मुखवटा आणि जिभेची नस : एका उपचाराचा इतिहास

मंडळी, पडेगावात आज आपण ज्या आजाराचा इतिहास पाहणार आहोत, त्याला आपल्याकडे फार काळ आजार म्हणून कुणी धरलंच नाही. घोरणाऱ्या माणसाला आपण कुंभकर्ण म्हणतो, ‘कसा ढाराढूर झोपलाय’ म्हणून हसतो. पण घोरता घोरता आवाज एकदम थांबतो, दहा-वीस सेकंद सगळं शांत, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास. असं ज्या घरात होतं, तिथं बायको रात्रभर जागी असते. नवरा मात्र सकाळी उठून म्हणतो, मला तर छान झोप लागली होती! आणि तोच माणूस दुपारी गाडी चालवताना पेंगतो. इथून माळीवाड्याला समृद्धी महामार्गावर चढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार अडथळ्याचा. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे घसरते, टाळूचा मऊ भाग खाली येतो आणि हवेची वाट बंद होते. छाती ओढत राहते, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, वाट उघडते. हे तासाला पाच वेळा होतं, कुणाला तीस, कुणाला साठ वेळा. रक्तदाब, हृदयाचे ठोके, पक्षाघात या सगळ्याशी त्याचा संबंध आहे.

आम्हाला हल्ली एकच प्रश्न वारंवार विचारला जातो : तो नाकावरचा मास्क नको, शरीरात बसवायचं काही निघालंय म्हणे, ते कसं आहे? निघालंय, हे खरं. पण ते कुणासाठी निघालं हे समजायचं तर मागे जावं लागतं. या आजाराचा जवळजवळ प्रत्येक नवा उपचार आधीचा उपचार रुग्णांनी नाकारला म्हणून जन्माला आलेला आहे.

सुरुवात एका कादंबरीतून होते. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये, म्हणजे १८३६-३७ साली, ज्यो नावाचा एक लठ्ठ मुलगा आहे. उभ्याउभ्या झोपतो, घोरतो. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अतिलठ्ठ, सतत पेंगणाऱ्या रुग्णाचं वर्णन केलं आणि त्या दुखण्याला ‘पिकविकियन’ असं नाव दिलं. पण त्यांचा रोख वजनावर होता. खरी गोची झोपेत श्वास थांबण्यात आहे, हे १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी रात्रभर नोंदी घेऊन दाखवलं. विनोदी पात्रावरून आजाराला नाव पडावं, हे त्या रुग्णांवर अन्यायाचंच झालं असं आम्हाला वाटतं. त्यामुळे हसण्यावारी नेण्याची सवय डॉक्टरांनाही लागली.

पहिला खात्रीचा उपचार १९६९ मध्ये जर्मनीतून आला : गळ्याला भोक पाडून श्वासनळीत नळी बसवायची. अडथळा घशात आहे ना, मग घसा टाळूनच हवा आत घ्यायची. उपाय रामबाण, पण जन्मभर गळ्यात नळी! ती साफ करा, पाण्यापासून जपा, बोलताना झाका. माणसं नाही म्हणायची. मरण परवडलं, पण नळी नको, असं म्हणणारेही होते.

असाच एक रुग्ण १९८० साली सिडनीत कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांकडे होता. आजार तीव्र, गळ्याला भोक पाडून घ्यायला तयार नाही. सुलिव्हन यांनी आधी टोरांटोत कुत्र्यांच्या झोपेतल्या श्वासावर काम केलं होतं. त्यांनी उलटा विचार केला : नाकातून सतत हलक्या दाबानं हवा सोडली, तर त्या हवेचाच आधार लागून घसा उघडा राहील. व्हॅक्यूम क्लीनरसारखी मोटर, नळी, आणि नाकाच्या मापानं बनवलेला मुखवटा, तोही चिकटवून. दाब चढवला तसं घोरणं थांबलं, माणूस गाढ झोपला आणि सकाळी ताजातवाना उठला. पाच रुग्णांवरचा हा अनुभव १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. हाच तो सीपॅप. औषध नाही, काप नाही, फक्त हवा. इतकी साधी युक्ती वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

त्याच वर्षी पडजीभ आणि टाळूचा मऊ भाग कापण्याची शस्त्रक्रियाही अमेरिकेत पुढे आली. तिचा गुण सगळ्यांना सारखा येत नाही. टाळूत पॉलिएस्टरच्या तीन बारीक काड्या रोवण्याचा उपायही नंतर आला, पण तो घोरण्यापुरता आणि सौम्य आजारापुरताच.

मग मास्कवाल्यांचं काय झालं? यंत्र उत्तम, पण रोज रात्री ते लावायला हवं. रात्री किमान चार तास वापर हा मापदंड धरला, तर कित्येक पाहण्यांत निम्म्याच्या आसपास लोक त्याखालीच सापडतात. नाक कोरडं पडतं, पट्ट्यांचे वळ उठतात, कोंडल्यासारखं होतं. नव्या लग्नात तर लाजही वाटते. आपल्या मराठवाड्यात भारनियमनाच्या वर्षांत आणखी एक अडचण होती : रात्री वीज गेली की यंत्र बंद! ज्याच्याकडे इन्व्हर्टर त्याचाच श्वास चालू, अशी गत.

हा दुसरा नकार. शरीरात बसवायचं यंत्र यातूनच आलं. १९७८ मध्ये रेमर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की जिभेला पुढे ओढणारा स्नायू झोपेत ढिला पडतो आणि वाट बंद होते. मग त्या स्नायूच्या नसेलाच हलका विजेचा इशारा दिला तर? ही नस म्हणजे मेंदूतून निघणारी बारावी नस. जपानमध्ये १९८९ साली हनुवटीखाली बाहेरून विजेचा प्रयोग झाला. २००१ मध्ये आठ रुग्णांत यंत्र शरीरात बसवल्याचा अहवाल आला. श्वास सुधारला, पण काहींच्या तारा तुटल्या, संवेदक बिघडले. मूळ कंपनीनं हात आखडता घेतला, २००७ मध्ये त्यातून इन्स्पायर ही वेगळी कंपनी निघाली.

२०१४ मध्ये १२६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सगळे मास्क न जमलेले लोक. वर्षभरानं तासाला श्वास अडण्याचा मध्यक २९.३ वरून ९ वर आला. गुण आलेल्यांपैकी काहींचं यंत्र आठवडाभर बंद ठेवलं, तर आजार परत आला. म्हणजे हा उपाय आजार मुळातून काढत नाही, मास्कसारखाच रोज रात्री चालू ठेवावा लागतो. फरक इतकाच की चेहऱ्यावर काही नाही. झोपताना रिमोटचं बटण दाबायचं. गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकरसारखी डबी, बॅटरी साधारण ११ वर्षं. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याला मान्यता दिली. बेल्जियमच्या नायक्सोआ कंपनीच्या यंत्रात शरीरात बॅटरीच नाही, रात्री हनुवटीखाली पट्टी चिकटवायची.

दार मात्र अरुंद आहे. आजार मध्यम ते तीव्र हवा, वजन एका मर्यादेत हवं. औषधानं झोपवून घशात दुर्बीण घालून पाहतात. टाळूच्या पातळीवर घसा चारी बाजूंनी आवळत असेल, तर इन्स्पायरसारखं यंत्र साधारणपणे बसवत नाहीत. अमेरिकेत खर्च ३० ते ४० हजार डॉलर सांगतात. इथं त्या पैशांत घर होतं.

आपल्याकडे आजार किती? डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईत ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली, ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण १९.५ टक्के, दिवसाच्या पेंगेसह धरलं तर ७.५ टक्के निघालं. तरी या आजाराचं नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं ते फेब्रुवारी २०२२ मध्ये, बप्पी लाहिरी मुंबईत गेले तेव्हा.

आता एक चिठ्ठी आली आहे. ‘वडिलांना मास्क सहन झाला नाही, सहा महिने कपाटात आहे. थेट इम्प्लांट करावं का?’ आधी मास्क कपाटातून बाहेर काढा. माप चुकीचं असेल, नाकावरच्या मास्कऐवजी नाकपुड्यांत बसणारा चालेल, हवेला ओलावा देणारी टाकी लावता येते, दाब बदलता येतो. यंत्रात वापराची नोंद असते, ती डॉक्टरांना दाखवा. कुशीवर झोपणं, वजन, जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी हेही विचारा. एवढं करूनही नाहीच जमलं, तर नाक-कान-घसा तज्ज्ञांना विचारा की झोपेच्या औषधाखाली दुर्बिणीनं घसा पाहता येईल का. आणि तोवर वडिलांना रात्रीची गाडी चालवू देऊ नका.