क्वेडलिनबुर्ग इटाला

एका मोठ्या सचित्र लॅटिन बायबलाची उरलेली पाने. हस्तलिखित पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातले, बहुधा रोममध्ये तयार झालेले. चित्रे असलेले याहून जुने बायबल आज शिल्लक नाही. एकूण सहा पाने असून ती बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात आहेत.

जर्मनीतील क्वेडलिनबुर्ग येथे 17 व्या शतकात पुस्तके बांधताना हे हस्तलिखित फाडून त्याची पाने बांधणीत घातली गेली. चर्मपत्र चिवट, वाया घालवण्यासारखे नव्हते. मजकुराची किंमत मात्र कोणाला उरली नव्हती. 1865 पासून ही पाने वेगवेगळ्या पुस्तकांच्या बांधणीतून हाती येऊ लागली.

मजकूर शमुवेल व राजे या पुस्तकांतला, मोठ्या गोलसर अन्शियल अक्षरांत लिहिलेला. संत जेरोमने हे ग्रंथ मूळ हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणले, पण ही पाने त्याआधीच्या, ग्रीकवरून केलेल्या भाषांतराची आहेत. अशा जुन्या भाषांतरांना ‘वेतुस लातिना’ म्हणतात. ‘इटाला’ हे नाव संत ऑगस्टिनच्या एका उल्लेखावरून रूढ झाले.

पानांचे खरे मोल चित्रांत आहे, तेही चित्रे उडाली तिथे. काही ठिकाणी रंगाचे पापुद्रे निघाले आणि खाली घाईच्या, धावत्या अक्षरांत लिहिलेल्या सूचना उघड्या पडल्या. त्या थेट चित्रकाराला उद्देशून आहेत. शमुवेलच्या पुस्तकात शौल बापाची हरवलेली गाढवे शोधायला निघतो, त्या कथेच्या चित्राखाली सांगितले आहे की थडगे काढायचे, त्यापाशी शौल व त्याचा चाकर उभे करायचे, आणि खड्ड्यांवरून उड्या मारणारी दोन माणसे त्याला गाढवे सापडल्याची खबर देताना दाखवायची. तयार चित्र समोर ठेवून नक्कल करायची असती, तर एवढे लिहून देण्याची गरज पडली नसती. म्हणून ही चित्ररचना याच ग्रंथासाठी नव्याने बेतली गेली, असे अनेक अभ्यासक मानतात. शाबूत रंगापेक्षा ही रंग उडालेली जागा आपल्याला हे हस्तलिखित बनवणाऱ्या कारखान्याच्या अधिक जवळ नेते.

एका पानावर बहुतेक चार चौकटी आहेत. चित्रणाची रोमन शैली व्हॅटिकनमधील व्हर्जिलच्या सचित्र हस्तलिखिताशी इतकी जुळते की दोन्ही एकाच कारखान्यातून निघाली असावीत. व्हर्जिलचे ‘इनीड’ महाकाव्य रंगवणारे आणि शौलाची कथा रंगवणारे हात शेजारीशेजारी बसत असावेत.