बॅटचा वेग आणि चपळाई : मुंबईच्या मैदानांपासून पेण-रोह्याच्या खाचरांपर्यंत

प्रस्तावना

क्रिकेटच्या इतिहासलेखनात फलंदाजांची विभागणी बहुधा 'तंत्रशुद्ध' आणि 'आक्रमक' अशा दोन गटांत केली जाते. ग्रामीण खेळाडूच्या वाट्याला मात्र तिसरेच विशेषण येते, ते म्हणजे 'गावठी'. ही विशेषणे वर्णन कमी आणि निवाडा अधिक करतात. बॅटचा वेग आणि चपळाई या दोन गुणांमध्ये जो ताण असतो, त्याच्या आधारे प्रस्तुत लेखात या वर्गीकरणाची फेरतपासणी केली आहे.

संकल्पना

चेंडूशी गाठ पडते त्या क्षणी बॅटची जी गती असते, ती म्हणजे वेग. बॅट खाली येऊ लागल्यापासून चेंडूपर्यंत ती किती थोड्या काळात पोहोचते, ती चपळाई. बॅट लांब कमानीतून फिरविल्यास वेग वाढतो. परंतु वेळ अधिक लागत असल्याने फटक्याचा निर्णय आधी घ्यावा लागतो. कमान आखूड ठेवल्यास निर्णय लांबविता येतो. मात्र फटक्याचे बळ घटते. ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत सुमारे अर्ध्या सेकंदात पोहोचतो, हे लक्षात घेतले म्हणजे या देवघेवीचे महत्त्व ध्यानात येते.

बेसबॉलमध्ये हा प्रश्न अधिक काटेकोरपणे मोजला गेला आहे. अमेरिकेतील मेजर लीगने २०२४ मध्ये प्रत्येक फलंदाजाच्या बॅटचा वेग व कमानीची लांबी जाहीर करण्यास प्रारंभ केला. जियानकार्लो स्टँटन याच्या बॅटचा सरासरी वेग ताशी सुमारे १३० किलोमीटर, तर लुईस अराएझ याचा केवळ १०० किलोमीटरच्या आसपास आढळला. अराएझची कमान मात्र अत्यंत आखूड होती आणि २०२२, २०२३ व २०२४ अशी सलग तीन वर्षे आपल्या लीगमध्ये फलंदाजीच्या सरासरीत अग्रस्थान त्यानेच मिळविले. वेग कमी असणे म्हणजे कौशल्य कमी असणे नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

मुंबईची परंपरा

१ डिसेंबर १९२६ रोजी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाकडून खेळताना सी. के. नायडू यांनी एम.सी.सी.विरुद्ध १५३ धावा केल्या. त्यांत ११ षटकार होते. हे लांब कमानीचे आणि वेगाचे उदाहरण होय. विजय मर्चंट यांचा 'लेट कट' नेमका याच्या उलट टोकाला येतो. या फटक्यात बळ गोलंदाजाचे वापरायचे आणि फलंदाजाने शेवटच्या क्षणी बॅटला केवळ दिशा द्यायची असते. येथे वेग गौण ठरतो, चपळाई सर्वस्व ठरते.

पुढे मुंबईच्या फलंदाजीला मर्चंट यांचे वळण लागले, त्यामागे केवळ अभिरुची नव्हती. १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाई. टप्पा पडल्यानंतर चेंडू काय करील याचा भरवसा नसल्याने निर्णय लांबविणे भाग पडे. ज्याला आपण 'तंत्रशुद्धता' म्हणतो, ती अशा परिस्थितीला दिलेले एक व्यवहारी उत्तर होती.

सचिन तेंडुलकर यांची बॅट सुमारे १.४ किलो वजनाची, म्हणजे प्रचलित बॅटपेक्षा बरीच जड होती. जड बॅट चपळाईला मारक ठरावयास हवी. परंतु लहानपणी थोरल्या भावाच्या मोठ्या बॅटने खेळल्यामुळे मूठ दांड्याच्या अगदी खाली धरण्याची सवय त्यांना लागली होती. मूठ खाली आली की बॅटचे वजन हातांजवळ येते आणि ती फिरविणे सुलभ होते. वजनाने बळ दिले, पकडीने चपळाई राखली. २००४ मध्ये कोपराच्या दुखापतीने ते त्रस्त झाले, तेव्हा बॅटच्या वजनाची बरीच चर्चा झाली. तथापि, आपल्या फटक्याची सारी लय त्या वजनावरच अवलंबून असल्याने हलकी बॅट आपणास मानवली नाही, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले. पाठ्यपुस्तकी निकषांवर ही पकड सदोष ठरली असती.

पेण-रोह्याची खाचरे

भाताची कापणी-झोडणी आटोपली की पेण व रोहा तालुक्यांतील रिकाम्या खाचरांमध्ये टेनिस चेंडूचे क्रिकेट सुरू होते. क्रिकेटचा चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा, तर टेनिसचा ६० ग्रॅमहूनही कमी. चेंडू जितका हलका, तितका बॅटच्या वजनाचा लाभ कमी आणि वेगाचा अधिक. शिवाय हलक्या चेंडूची गती हवेत लवकर मंदावते व फलंदाजाला किंचित अधिक वेळ मिळतो. थोडी षटके आणि तातडीने हव्या असलेल्या धावा यांची त्यात भर पडते. अशा स्थितीत हलकी बॅट लांब कमानीतून फिरविणे हे अज्ञान नव्हे. ती परिस्थितीची अचूक जाण होय. कांगा लीगच्या फलंदाजाने जे केले तेच येथील मुलगा करतो. दोघांपुढील प्रश्न भिन्न असल्याने उत्तरे भिन्न आहेत.

निष्कर्ष

महाविद्यालयीन संघात दाखल होताच या विद्यार्थ्यापुढे कठीण चेंडू येतो आणि मिळणारा वेळ घटतो. त्याची लांब कमान तेथे तोकडी पडते, हे नाकारता येत नाही. मात्र निवड चाचणीतील चार-सहा चेंडूंवरून त्याला 'गावठी' ठरवून बाजूस सारणे म्हणजे सवयीलाच क्षमता समजणे होय. मूठ खाली घेणे, कमान आखूडणे, आपल्या ताकदीला साजेशी बॅट निवडणे या शिकण्याजोग्या गोष्टी आहेत; त्यासाठी काही आठवड्यांचा सराव देणे अगत्याचे आहे. २०१७ च्या नियमबदलाने बॅटच्या जाडीवर मर्यादा आली. वजनाची निवड आजही खेळाडूकडेच आहे. तेव्हा सर्वांच्या हाती एकाच वजनाची बॅट देऊन एकाच मापाने गुण ठरविण्याची पद्धत बदलावयास हवी. नायडू, मर्चंट आणि तेंडुलकर यांची फलंदाजी एका साच्यातील नव्हती, हा इतिहास निवड समितीनेही ध्यानी ठेवणे उचित ठरेल.