दौत, मोड आणि आजीची चिमणी

तर झालं असं की, पुण्यात फ्लॅट घेतला आणि आमच्या घरात ‘व्हिंटेज कॉर्नर’चं खूळ शिरलं. शिलाई मशीनच्या बिडाच्या पायांवर काच टाकून टेबल झालं. पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबात मनीप्लांट लागला. कधीच न वाजणारा व्हॉल्व्हचा रेडिओ आला. आणि एका रविवारी जुन्या बाजारात मला ती दिसली... पितळेची दौत! खरं तर कलमदान. बोरू ठेवायची लांबट डबी आणि तिच्या टोकाला जोडलेली झाकणाची दौत. कारकून मंडळी हे कमरेला खोचून हिंडायची, म्हणजे त्या काळचा लॅपटॉपच म्हणा ना! २,८०० सांगितले, मी २,२००ला आणलं आणि आठवडाभर ऑफिसात भाव खाल्ला.

असल्या वस्तू गोळा करायचा नाद मराठी माणसाला नवा नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी (१८९६-१९९०) उभं आयुष्य त्यात घातलं. दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे... लोक जे मोडीत घालत होते ते हे गृहस्थ घरी आणत होते. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं त्यांनी संग्रहालय केलं आणि २०,०००च्या आसपास वस्तू सरकारला देऊन टाकल्या. आपला कॉर्नर त्यापुढे म्हणजे काजवाच.

घेणार असाल तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. एक, ‘अँटिक फिनिश’ देऊन काळं केलेलं नवं पितळ बाजारात चिक्कार आहे. झाकण उघडून आत बघा. वापरातल्या दौतीच्या तळाशी, कोपऱ्यात शाईचा थर धरलेला असतो, आणि बिजागरी सारखी उघडझाप होऊन झिजलेली असते. दोन, १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी माणसाला परदेशी नेता येत नाही. तेव्हा अमेरिकेतल्या मित्राला भेट वगैरे द्यायच्या भानगडीत पडू नका.

आता माझ्यासारखा दिवसभर कीबोर्ड बडवणारा माणूस दौत घेऊन गप्प कसा बसणार? वाचायला लागलो. ‘दौत’ हा शब्द अरबी ‘दवात’वरून आला, ‘शाई’ फारसी ‘स्याही’वरून. फडणीस, चिटणीस, पोतनीस यातला ‘नीस’ म्हणजे फारसीतला ‘लिहिणारा’. म्हणजे आडनावातच दौत-लेखणी! शाई काजळाची. काजळ, बाभळीचा डिंक आणि पाणी, भरपूर खल करून. दौतीत कापडाचा किंवा रेशमाचा बोळा, म्हणजे शाई सांडत नाही आणि बोरूला बेताचीच लागते. लिहून झालं की ओल्या अक्षरांवर बारीक वाळू भुरभुरायची. काजळ म्हणजे कार्बन, तो उडत नाही की फिका पडत नाही. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर दरबारचे मोडी कागद आजही वाचता येतात. माझी २००६ साली बर्न केलेली फोटोंची सीडी मात्र उघडत नाही. बोला!

हे सगळं डोक्यात घेऊन गेल्या महिन्यात कोल्हापूरला गेलो. कलमदान मुद्दाम बॅगेत घेतलं होतं. आजीला दाखवलं.

तिनं हातात घेऊन उलटंसुलटं केलं. “केवढ्याला?”

सांगितलं.

“भांडंवाल्यानं मोडीत किलोवर घेतलं असतं की,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “असली दौत आपल्यात कवा नव्हती बाळा. ही कुळकर्ण्याच्या घरातली.”

मी एकदम गप्प झालो. तोवर हा विचारच शिवला नव्हता. ‘आपला वारसा’, ‘पूर्वजांची दौत’ अशी वाक्यं मी ऑफिसात टाकून आलो होतो. पण आमचे पूर्वज करवीर तालुक्यातले शेतकरी. त्यांच्या कमरेला विळा होता, कलमदान नव्हतं. जुन्या वतनी कागदांवर पाटील सही करत नाही, त्याच्या नावापुढे नांगराचं चित्र असतं, ‘निशाणी नांगर’. कागदात काय लिहिलंय ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. सारा किती, बाकी किती, जमीन कुणाची, सगळं त्या दौतीतून बाहेर पडायचं. मी शेल्फवर शोभेला ठेवलेल्या वस्तूपुढे माझ्या खापरपणजोबांनी हात जोडले असतील, आणि ते भक्तीनं नाही.

हे बदललं ते कोल्हापुरातच. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड! आणि १९१८ साली कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. दौत वाड्यातून निघून पगारावर आली. त्याच सुमारास आमचे पणजोबा गावच्या शाळेत गेले. आधी पाटी, मग बोरू आणि शाई. आमच्या घराण्यात अंगठा न उठवता सही करणारा पहिला माणूस.

“त्यांची दौत कुठाय मग?” मी विचारलं.

आजी उठली, स्वयंपाकघराच्या फडताळातून एक वस्तू काढून पुढ्यात ठेवली. बुटकी, जाड काचेची शाईची बाटली. पत्र्याच्या झाकणाला भोक, त्यातून वर आलेली वात. चिमणी!

“मी लगीन होऊन आलो तवा मामंजी हिच्यात टाक बुडवून हिशेब लिवायचे. मग पेनं आली. मग मी हिची चिमणी केली. लाईट येईस्तोवर तुझा बा नि तुझी आत्या हिच्याच उजेडात शिकली.”

अशा बाटल्या कुणी जमवत नाही. बाजारात यांना काडीची किंमत नाही. १९३१ साली दांडेकरांनी मुंबईत घोडा छाप शाईची पूड नि वड्या काढल्या (तीच पुढची कॅम्लिन), त्यानंतर वडी आणून पाण्यात विरघळवली की झाली शाई. काजळ नको, खल नको. दौत काचेची, चिनी मातीची, फुटली तर दुसरी. पुढे फाउंटन पेन आलं, बॉलपेन आलं आणि दौत संपलीच. पितळेची मोडीत गेली, काचेच्या बाटलीत रॉकेल गेलं.

आजीनं चिमणी मला दिली, पण अटीवर. “घासून चकचकीत करायची न्हाई. काजळी राहू दे.”

आता ती कलमदानाशेजारी आहे. बायको म्हणाली, कलमदान काढून टाकायचं का? नको म्हटलं. दोन्ही शेजारी असली म्हणजेच गोष्ट पुरी होते. बंबातला मनीप्लांट मात्र काढला, कारण फोटो बघून आजी फोनवर पाच मिनिटं हसत होती.

परवाच्या शनिवारी एक प्रयोग केला. चिमणी पेटवली, वर उलटी ताटली धरून काजळी जमवली, बाभळीच्या डिंकात खलली. दीड तास! बाजारातून बोरू आणला होता, तो बुडवून पणजोबांचं नाव लिहिलं. शाई पसरली, अक्षर कुत्र्याचे पाय मांजराला. पण वाळल्यावर पाण्याचं बोट फिरवून बघितलं... जरा हललं, गेलं नाही.