नांगराची निशाणी आणि सोन्याची निब

पुण्यातल्या पेनांच्या एका जुन्या दुकानात आम्ही दोघे शिरलो आणि जरा भारी किमतीचे फाउंटन पेन दाखवा असे म्हणालो, तेव्हा काउंटरमागच्या गृहस्थांनी सहज विचारले, "कुणाला भेट द्यायचंय का, सर?" प्रश्नात गैर काहीच नव्हते. महागडे पेन आपल्याकडे बहुधा दुसऱ्याला देण्यासाठीच घेतले जाते. निवृत्तीचा निरोप समारंभ, परदेशी निघालेला भाचा, जिल्ह्याच्या गावाहून आलेले प्रमुख पाहुणे, असे काहीतरी निमित्त लागते. ज्याला ते मिळते तो मखमली डबीसकट कपाटात ठेवतो आणि रोजचे काम पाच-दहा रुपयांच्या बॉलपेनने करतो. "नाही, आम्हालाच हवंय," असे उत्तर देताना आमची जीभ क्षणभर अडखळली. तो संकोच कुठून आला असावा, याचा विचार करता करता हे टिपण लिहून झाले.

आमच्यापैकी एक बारामतीला शिकवतो, दुसरा इंदापूरला. दोघेही चाळिशी ओलांडलेले, दोघेही मराठीचे एम. ए., आणि दोघांनीही तासिका तत्त्वावर बरीच वर्षे काढलेली. इंदापूरच्या मित्राची नेमणूक उशिरा का होईना कायम झाली आणि काही थकबाकी हाती पडली, तेव्हा घरच्या निकडी भागवून उरलेल्या रकमेतून एक उत्तम पेन घ्यायचे असे ठरले. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत पेन्सिल आणि पाचवीपासून शाईचे पेन, ही आमच्या पिढीची बढती होती. बॉलपेनने अक्षर बिघडते असे गुरुजी बजावत. चिनी 'हीरो' पेन ज्याच्याकडे असे त्याचा वर्गात मान असे, आणि ज्याच्या सदऱ्याच्या खिशाला निळा डाग नाही असा मुलगा शोधून सापडला नसता. त्या वयातली ओढ इतक्या वर्षांनी पुरी होत होती. तरीही संकोच होताच.

याचे एक कारण आमच्या मुलखाच्या इतिहासात आहे. बारामती म्हटले की मराठीच्या विद्यार्थ्याला प्रथम मोरोपंत आठवतात. पन्हाळ्याला १७२९ साली जन्मलेला हा कवी बारामतीच्या नाईकांच्या आश्रयाने येथे राहिला आणि १७९४ साली येथेच वारला. आर्याभारत, केकावली, शंभरावर रामायणे हा सगळा प्रचंड पसारा बोरूने लिहिलेला. बोरू म्हणजे चाकूने टोक काढलेली काडी. तिचे टोक तिरपे कापीत, आणि रोमन लिपीच्या लेखणीचा छेद ज्या बाजूला झुकतो त्याच्या उलट बाजूला हा झुकलेला असे. देवनागरी अक्षराची जाडबारीक वळणे त्या छेदातून येतात. काजळ, डिंक आणि पाणी यांची शाई घरी होई. म्हणजे लिहिण्याचे साधन जवळजवळ फुकटचे होते. महाग होता तो लिहिण्याचा अधिकार.

तो अधिकार गावात कुणाकडे होता, हे जुन्या कागदांच्या शेवटी दिसते. मजकूर कुलकर्ण्याच्या मोडी अक्षरात असतो. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग हात फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरे धावती सोडायची, अशी ती लिपी. खाली पाटलाच्या नावापुढे नांगराचे चित्र काढलेले असते. तीच 'निशाणी नांगर'. ज्याच्या जमिनीविषयी कागद आहे त्याची ओळख अवजाराने पटवायची आणि ज्याने कागद लिहिला त्याची अक्षराने, अशी ही वाटणी होती. प्रत्येक कुलकर्णी लबाड होता असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. पण 'कलमकसाई' असा शब्द ज्या भाषेला घडवावा लागला, तिच्या बोलणाऱ्यांनी लेखणीचे कोणते रूप पाहिले असेल याची कल्पना करता येते. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये ते रूप तपशीलवार मांडले आहे.

इंग्रजी अमलात कागदांची संख्या आणखी वाढली. मुंबई इलाख्यातील जमीन मोजणीची आणि सारा आकारणीची जी पद्धत पुढे सर्वत्र गेली, तिची सुरुवात १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात झाली. प्रिंगलच्या आधीच्या मोजणीचा बोजवारा उडाला होता. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी नव्याने मोजणी करून तीस वर्षांसाठी सारा ठरवून दिला. शेताला नंबर आला, नंबरापुढे नाव आले, नावापुढे आकार आला. मुदत संपल्यावर १८६७ साली फेरआकारणी इंदापुरातच सुरू झाली आणि सारा चांगलाच वाढला. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले होते. सारा भरण्यासाठी सावकाराकडे जायचे, त्याने पुढे केलेल्या खतावर निशाणी करायची आणि त्यात काय लिहिले आहे ते कोर्टाचा हुकूमनामा आल्यावर कळायचे, हा क्रम घरोघर चालू होता.

मग १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात उद्रेक झाला. हे सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. दख्खनच्या दंग्यांची ती सुरुवात. या दंग्यांविषयी वर्गात शिकवताना एका गोष्टीकडे आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधतो. जमावाचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. खते, हुकूमनामे, वह्या बाहेर काढून जाळल्या गेल्या. कागद मुकाट्याने हवाली करणाऱ्या सावकाराला बहुतेक ठिकाणी फारशी इजा झाली नाही. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी लिहिलेल्यावर दिलेला तो अभिप्राय होता. सरकारलाही तो वाचावा लागला. चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा आला.

योगायोग असा की, सुप्याच्या होळीनंतर नऊ वर्षांनी, १८८४ साली, न्यूयॉर्कच्या वॉटरमनला त्याच्या फाउंटन पेनाचे पेटंट मिळाले. शाई पोटात बाळगणारी ही लेखणी मराठी मुलखात आली तेव्हा तिला 'झरणी' असा देखणा शब्दही काहींनी दिला. तो रुळला नाही. 'शाईपेन' मात्र रुळले. आरंभी हे साधन वकील, डॉक्टर, प्राध्यापक आणि साहेब लोकांचे होते. टाक-दौत घेऊन बसणाऱ्या कारकुनाला ते परवडत नव्हते. खिशाला अडकवलेले पेन ही दुरून ओळखू येणारी खूण झाली, कारण त्याच्या क्लिपेवरून माणसाचे शिक्षण आणि मिळकत दोन्हींचा अंदाज बांधता येई.

या खुणेचा सर्वांत मोठा अर्थ महाराष्ट्रात एका माणसामुळे बदलला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना उत्तम फाउंटन पेनांची मनापासून आवड होती, हे त्यांच्या सहवासातल्या लोकांनी नोंदवून ठेवले आहे. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराला शिवायची बंदी होती, त्यांच्यातला एक माणूस जगातली चांगली पेने निवडून वापरतो, या गोष्टीकडे केवळ हौस म्हणून पाहता येणार नाही. आमच्या दोन्ही तालुक्यांत गावोगावी त्यांचे पुतळे आहेत. निळा कोट, हातात संविधान आणि कोटाच्या खिशाला पेन. शिल्पकार एखादे वेळी चष्म्यात चुकतो, पण पेन विसरत नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर फुलांऐवजी 'एक वही, एक पेन' घेऊन या, असे आवाहन अलीकडच्या वर्षांत केले जाते, त्याच्या मुळाशीही हीच समज आहे.

आता निवडीचा प्रश्न. दुकानदाराने काचेवर तीन पेने मांडली. पहिले जर्मनीचे माँ ब्लां. त्याच्या निबेवर ४८१० हा आकडा, म्हणजे त्या नावाच्या शिखराची मीटरमधली उंची. दुसरे जपानचे प्लॅटिनम ३७७६. हा आकडा फुजी पर्वताच्या उंचीचा. (कळसूबाईचे १६४६ मीटर मिरवणारी निब आमच्या पाहण्यात नाही.) तिसरे आपल्याकडचे, एबोनाइटच्या कांबीतून चरकावर हाताने काढलेले, पण निब जर्मन.

तिसरे पाहून साहजिकच वर्ध्याची आठवण झाली. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी फाउंटन पेन तयार केले आणि ते कुमारप्पांच्या हस्ते गांधीजींपर्यंत पोचले. जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून रत्नम यांना आभाराचे पत्र लिहिले आणि बाजारातल्या विदेशी पेनांना हा चांगला पर्याय असल्याचे कळवले. याच काळातली दुसरी स्वदेशी खटपट मराठी घराण्याची. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली 'हॉर्स' छाप शाईची पूड काढली. तिच्यातून पुढे 'कॅमल' शाई आणि कॅमलिन उभे राहिले. आमच्या बोटांवरचे निळे डाग त्यांचेच. (त्या कंपनीत २०११ साली जपानच्या कोकुयोने मोठा हिस्सा घेतला.) आणि २००९ साली माँ ब्लांने गांधीजींच्याच नावाने सोन्याची २४१ पेने काढली. दांडीयात्रेचे मैल २४१, म्हणून पेने तितकी. एकेकाची किंमत अकरा लाखांहून अधिक. केरळ उच्च न्यायालयात याचिका झाली आणि २०१० मध्ये त्यांची विक्री थांबली. चैनीची वस्तू कुठे हास्यास्पद होते, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

तेव्हा पहिले पेन आम्ही आदराने परत केले. त्याच्या किमतीतला मोठा भाग टोपणावरच्या पांढऱ्या चांदणीचा आहे, आणि ती चांदणी लिहिण्याच्या कामी येत नाही. उरलेल्या दोहोंत निवड करताना जे उमगले ते थोडक्यात नोंदवतो, कारण आमच्यासारखेच कुणी प्रथमच या वाटेला जाणारे असतील.

सोन्याची निब पूर्वी गरजेची होती. हिराकसाच्या आम्लधर्मी शाईने तेव्हाची पोलादी निब गंजून जाई. आज उत्तम पोलादी निब वर्षानुवर्षे टिकते, म्हणून सोने ही आता हौस आहे, हे मान्य करूनच पैसे मोजावेत. चौदा कॅरटच्या निबेवर ५८५ आणि अठरा कॅरटच्या निबेवर ७५० असा आकडा असतो. कागदावर घासणारा टोकाचा कण मात्र सोन्याचा नसतो, कठीण मिश्रधातूचा असतो. कित्येक सोन्याच्या निबा किंचित लवतात आणि त्या लवण्यात थोडे बोरूचे सुख आहे. दुसरी गोष्ट लिपीची. जपानी निबा साधारणतः पाश्चात्त्य निबांपेक्षा एक माप बारीक असतात, कारण त्यांना कांजीची दाट अक्षरे लिहायची असतात. आपल्या जोडाक्षरांनाही ते मानवते. 'ष्ट्य' किंवा 'द्ध्व' जाड निबेने लिहून पाहावे म्हणजे पटेल. तिसरी गोष्ट कागदाची. महाविद्यालयांत मिळणाऱ्या कागदावर ओली, जाड निब शाई फोडते. म्हणून निब दुकानातल्या गुळगुळीत कागदावर पारखू नये, आपला रोजचा कागद सोबत न्यावा. आम्ही उत्तरपत्रिकेची एक कोरी पुरवणी नेली होती.

या कसोट्यांवर जपानी पेन उतरले. एबोनाइटचे पेन हाताला अधिक उबदार वाटत होते आणि मन तिकडे ओढत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्यातल्या बारामतीकराने पुढल्या वर्षासाठी ते मनात राखून ठेवले आहे.

"सही करून बघा, सर," दुकानदार म्हणाले. पेन पारखताना सगळेच सही करतात. इंदापूरकराने पेन हातात घेतले, पुरवणीवर टेकवले आणि थोडा वेळ काही लिहिलेच नाही. त्याचे आजोबा सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर अंगठा देत आणि तो डोक्याच्या केसांना पुसत घरी येत. आपण कशावर अंगठा दिला हे दुसऱ्याला विचारून खात्री करून घेत. कुलकर्णी वतने १९५१ साली कायद्याने गेली, तलाठी आले, पण अंगठ्याचा डबा पुढेही कित्येक वर्षे उघडाच होता. मित्राने सही केली नाही. त्याने आजोबांचे पूर्ण नाव लिहिले, आधी शिरोरेघ ओढून आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर. ते नाव त्या घरात सातबाऱ्यावर, कर्जरोख्यावर, मतदारयादीवर पुष्कळदा लिहिले गेले होते, पण प्रत्येक वेळी परक्या हाताने. दुकानदारांनी ते वाचले आणि पावती कुणाच्या नावे करायची ते विचारले.

मोरोपंतांच्या काळी कागदावर 'दस्तुरखुद्द' असा शेरा असे. ज्याचा मजकूर, त्याचेच अक्षर, असा त्याचा अर्थ. आमचा संकोच या शब्दापाशी येऊन संपला. ज्या मुलखात लेखणी दीर्घकाळ दुसऱ्याच्या हातात होती, तिथे ती आपल्यासाठी निवडून घेताना हात थबकणे स्वाभाविक आहे. पण भेट म्हणून मिळण्याची वाट पाहत राहणे हेही पुन्हा दुसऱ्याच्या हाताकडे पाहणेच आहे.

ते पेन डबीत ठेवलेले नाही. हजेरीपटापासून विद्यार्थ्यांच्या शिफारसपत्रांपर्यंत सगळे त्याच पेनाने लिहिले जाते, आणि मागितले तर विद्यार्थ्यांच्या हातीही दिले जाते. परवा एम. ए.च्या एका विद्यार्थिनीने त्याने आपले नाव लिहून पाहिले आणि किंमत विचारली. ती ऐकल्यावर तिने पेन घाईघाईने खाली ठेवले. तिला आम्ही आणखी एक ओळ लिहायला सांगितले.