खटला जिंकला, बाजार हरला : व्हिडिओ गेममधील त्रिमितीय ध्वनीची कथा

डोळे मिटलेल्या माणसालाही पावलांचा आवाज कोणत्या बाजूने येतो, हे कळते. उजवीकडचा ध्वनी डाव्या कानाशी फार तर ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि डोक्याच्या आडोशामुळे तिथे क्षीणही होतो. या दोन खुणांचा सिद्धान्त लॉर्ड रॅले यांनी १९०७मध्ये मांडला. समोर-मागे आणि वर-खाली हा भेद मात्र मेंदू वेगळ्या खुणेवरून करतो. बाह्यकर्णाच्या घड्यांमुळे काही वारंवारता वाढतात, काही दबतात. हा बदल दिशेगणिक निराळा असतो.

हे सारे गणिताने घडवता येते, हे १९८०च्या दशकाच्या अखेरीस नासाच्या एम्स संशोधन केंद्रात दिसून आले. एलिझाबेथ वेन्झेल यांच्या प्रकल्पासाठी स्कॉट फॉस्टर यांच्या क्रिस्टल रिव्हर इंजिनिअरिंगने ‘कन्व्हॉल्व्होट्रॉन’ हे यंत्र घडवले. साध्या हेडफोनमधला ध्वनी आता डोक्याबाहेर, ठरावीक जागी भासू लागला. १९९४मध्ये एमआयटीतील बिल गार्डनर आणि कीथ मार्टिन यांनी पुतळ्याच्या कानांत मायक्रोफोन बसवून ७१० दिशांची मोजमापे घेतली आणि ती सर्वांसाठी खुली केली.

क्रिस्टल रिव्हर १९९६मध्ये ऑरियल या कंपनीकडे गेली. ऑरियलचे ‘ए३डी’ तंत्र १९९८च्या ‘हाफ-लाइफ’ या गेममध्ये वापरले गेले. त्याची पुढची आवृत्ती तर भिंतींवरून परावर्तित होणारा ध्वनीही खेळ चालू असतानाच मोजत असे. परंतु प्रतिस्पर्धी क्रिएटिव्ह कंपनीने पेटंटभंगाचा दावा लावला. डिसेंबर १९९९मध्ये निकाल ऑरियलच्या बाजूने लागला, तोवर कंपनी खर्चाखाली वाकली होती. २०००मध्ये तिचे दिवाळे निघाले आणि तिची मालमत्ता क्रिएटिव्हनेच ३.२ कोटी डॉलरला विकत घेतली. २००७मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने डायरेक्टसाउंडचा साउंडकार्डाच्या चिपपर्यंतचा थेट मार्गही बंद केला. चित्रांसाठी स्वतंत्र प्रोसेसर बलाढ्य होत असताना, ध्वनीच्या वाट्याला मुख्य प्रोसेसरची उरलीसुरली शक्ती आली.

आभासी वास्तवाने हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. मान वळवली तरी आवाज जागेवरच राहायला हवा, अन्यथा भास तुटतो. या पुनरागमनात भारतीय वंशाच्या संशोधकांचा वाटा ठळक आहे. आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी रमणी दुराईस्वामी यांच्या व्हिजिसॉनिक्सचे तंत्र २०१४मध्ये ऑक्युलसने परवान्याने घेतले. मायक्रोसॉफ्टमधील निकुंज रघुवंशी यांनी वेगळी वाट काढली : इमारतीतून ध्वनिलहरी कशा वळतील, याचे अवजड गणित आधीच करून ठेवायचे आणि खेळताना फक्त त्याचा संक्षेप वाचायचा. २०१६च्या ‘गिअर्स ऑफ वॉर ४’मध्ये हे तंत्र वापरले गेले. आयआयटी दिल्लीचे माजी विद्यार्थी दिनेश मनोचा यांच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधनातून उभी राहिलेली इम्पल्सॉनिक २०१७मध्ये व्हॉल्व्हकडे गेली आणि तिचे तंत्र ‘स्टीम ऑडिओ’ या नावाने विनामूल्य उपलब्ध झाले. २०२४मध्ये त्याची मूळ संहिताही खुली करण्यात आली.

ऑरियलची चिप आज जुन्या संगणकांतच आढळते. १९९४ची ती ७१० मोजमापे मात्र विद्यार्थी अजूनही उतरवून घेतात. बंदिस्त ज्ञान मालकासोबत बुडाले. खुले ठेवलेले ज्ञान पुढच्या पिढीच्या हाती लागले.