उडत्या पाचरीपासून नव्या किकऑफपर्यंत

१९ नोव्हेंबर १८९२. स्प्रिंगफील्डच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलमध्ये हार्वर्ड आणि येल या विद्यापीठांची गाठ पडली होती. उत्तरार्धाच्या किकऑफला, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या किकला, हार्वर्डचे खेळाडू दोन तुकड्यांत मागून भरधाव आले, मधोमध एक झाले आणि चेंडूवाल्याला पोटाशी घेऊन येलच्या फळीत घुसले. ही ‘उडती पाचर’ लोरिन डेलँड या बुद्धिबळवेड्याच्या डोक्यातून निघालेली; तो स्वतः कधी फुटबॉल खेळलाच नव्हता. सामना येलने जिंकला, पण पाचरीचे लोण पसरले. दुखापती वाढल्या, तशी १८९४ मध्ये तिच्यावर बंदी आली.

किकऑफची धास्ती मात्र सरली नाही. लांबून धावत येऊन आदळणे हाच त्यातला थरार, आणि धोकाही तोच.

२०११ मध्ये एनएफएल या अमेरिकन व्यावसायिक लीगने किकऑफची जागा पाच यार्ड पुढे आणली. चेंडू सहज शेवटच्या पट्ट्यात जाऊन तिथेच थांबू लागला (याला टचबॅक म्हणतात) आणि परतीची धाव आटत गेली. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, तर १३ किकऑफपैकी एकही परतवला गेला नाही. खेळाचा इतका देखणा क्षण असा वाया जाणे खरोखर दुःखाचे होते.

त्याच वर्षी नियम बदलला. दोन्ही संघांच्या फळ्या जवळजवळ समोरासमोर उभ्या राहू लागल्या. चेंडू जमिनीला किंवा झेलणाऱ्याला लागेपर्यंत त्यांनी हलायचे नाही. धडकेचा वेग उतरला, परतीच्या धावा वाढल्या. २०२५ मध्ये टचबॅकनंतर खेळ सुरू करण्याची जागा ३५ यार्डांवर नेल्यावर लांब किक मारणे आणखी महाग पडू लागले.